जंगलातल्या मातीला खत घातलं, तर तिचा श्वास वाढतो की मंदावतो?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मातीतून दिवसरात्र कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. त्यातला काही भाग झाडांच्या मुळांचा, काही मुळांवर जगणाऱ्या बुरशीचा आणि बाकीचा पालापाचोळा व जुना सेंद्रिय कर्ब (कार्बन) कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. या सगळ्याला मिळून मृदाश्वसन म्हणतात. जगभरच्या मातीतून वर्षाला साधारण 80 ते 100 अब्ज टन कार्बन असा हवेत जातो. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस सोडतो तो सुमारे 10 अब्ज टन. त्यामुळे जंगलाच्या मातीत नत्र (नायट्रोजन) किंवा स्फुरद (फॉस्फरस) पडलं की या श्वासाचं काय होतं, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या वेळी त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली काही निवडून घेतली आहेत.

प्रश्न : चीनमधल्या एका जंगलात हेक्टरी 150 किलो नत्र दिल्यावर मृदाश्वसन घटलं आणि कोस्टा रिकातल्या एका जंगलात तेवढंच नत्र दिल्यावर वाढलं, असं वाचलं. दोन्ही उष्ण पट्ट्यातली सदाहरित जंगलं. खरं कोणाचं मानायचं?
— वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, कोल्हापूर

दोघांचंही. तुम्ही म्हणता तो चीनमधला प्रयोग ग्वांगडोंग प्रांतातल्या डिंगहूशानचा. तिथे 2003पासून जुन्या, परिपक्व जंगलात वर्षाला हेक्टरी 50, 100 आणि 150 किलो नत्र दिलं गेलं. सर्वांत जास्त मात्रेच्या प्लॉटमध्ये मृदाश्वसन सुमारे 14 टक्क्यांनी कमी भरलं. दुसरा प्रयोग कोस्टा रिकाच्या ओसा द्वीपकल्पावरचा. तिथे 150 किलो नत्र आणि 150 किलो स्फुरद वेगवेगळ्या प्लॉटना दिलं आणि दोन्हीकडे श्वसन 20 टक्क्यांहून जास्त वाढलं.

मात्रा एकच असली तरी ती पडली कशावर, हे आधी बघा. डिंगहूशानच्या आसपास शहरं, कारखाने आणि शेती दाट आहे. पावसाबरोबर नत्र वर्षानुवर्षं पडत आलंय आणि मातीला ते मुळातच जास्त झालेलं आहे. पोट भरलेल्याला आणखी वाढल्यासारखं ते झालं. तिथे वरून आलेलं नत्र आम्लता वाढवतं आणि सूक्ष्मजीव व बारीक मुळं दोघांनाही मागे रेटतं. ओसाची माती जुनी, झिजलेली आणि स्फुरदाला आसुसलेली. तिथे पावसाळ्यात पालापाचोळ्यातून विद्राव्य सेंद्रिय कर्ब चहाच्या अर्कासारखा खाली झिरपतो. स्फुरद मिळताच सूक्ष्मजीवांनी तो झपाट्याने फस्त केला. नत्राच्या प्लॉटमधली वाढ मात्र बारीक मुळांशी जोडलेली होती. म्हणजे आकडा दोन्हीकडे वाढला, पण श्वास घेणारे वेगळे होते.

दुसरी गोष्ट काळाची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये 1988पासून पाइनच्या आणि रुंद पानांच्या झाडीत हेक्टरी 50 आणि 150 किलो नत्र दरवर्षी दिलं जात आलंय. पहिल्या वर्षी रुंद पानांच्या झाडीत श्वसन वाढलं. तेराव्या वर्षी मोजलं तेव्हा जास्त मात्रेच्या प्लॉटमध्ये ते बिनखताच्या प्लॉटपेक्षा सुमारे 40 टक्के कमी होतं. जो संशोधक एका हंगामानंतर थांबला असता त्याने ‘नत्राने श्वसन वाढतं’ असं लिहिलं असतं, आणि प्रामाणिकपणे लिहिलं असतं. म्हणून कुठलाही निष्कर्ष वाचताना तीन गोष्टी आधी शोधा : जंगलाला मुळात कशाची कमतरता होती, मात्रा किती होती आणि मोजणी कितव्या वर्षी झाली. या तीन गोष्टी दिलेल्या नसतील, तर नुसत्या टक्केवारीवर विसंबू नका.

प्रश्न : उसाच्या पाचटावर युरिया टाकला की ते लवकर कुजतं, हे आम्ही दरवर्षी बघतो. कुजणं म्हणजेच श्वसन ना? मग जंगलात तोच युरिया उलटं काम का करतो? माती मरते म्हणून का?
— शेतकरी, परभणी जिल्हा

पाचटाबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पाचटात कर्ब आणि नत्राचं प्रमाण शंभरास एकच्या आसपास असतं आणि जिवाणूंच्या शरीरात ते आठास एकच्या आसपास. पाचट खायला त्यांना नत्र कमी पडतं. युरियाने ती तूट भरून निघते आणि कुजण्याला वेग येतो. जंगलातही ताजी, कोवळी आणि लिग्निन (लाकडाला टणकपणा देणारा चिवट पदार्थ) कमी असलेली पानं नत्र दिल्यावर लवकर कुजतात. अडतं ते लिग्निनपाशी, म्हणजे लाकूड, जुनी पानं आणि अर्धवट कुजून काळा झालेला थर इथे.

लिग्निन फोडणं ही मुख्यतः पांढरी कूज करणाऱ्या बुरशीची कामगिरी. त्यासाठी लागणारी विकरं (एन्झाइम) ती नत्राची टंचाई असताना जास्त बनवते, कारण लिग्निन फोडून ऊर्जा फारशी मिळत नाही. त्यात अडकलेलं नत्र मात्र हाती लागतं. बाहेरून आयतं नत्र मिळालं की ही खर्चिक विकरं बनवायची गरज उरत नाही. पालापाचोळ्याचा थर हातात उचलून पाहिलात तर निरोगी थरात पांढरे धागे एका पानातून दुसऱ्यात शिरलेले दिसतात. पानं एकमेकांना शिवल्यासारखी असतात, ओढली की धागे ताणून तुटतात आणि ओल्या मातीचा वास येतो. ज्या प्लॉटला वर्षानुवर्षं नत्र मिळालंय तिथे हे धागे विरळ होतात आणि पानं पत्त्यांच्या कॅटसारखी सुटी निघतात. हार्वर्डच्या प्लॉटमध्येही बुरशीचं प्रमाण घटलेलं आढळलं आहे.

दुसरं कारण झाडाच्या हिशेबात आहे. झाड पानांत बनवलेल्या साखरेचा मोठा वाटा मुळांकडे पाठवतं. मुळं वाढवायला, आणि मुळांवरच्या मायकोरायझा बुरशीला पोसायला. ती बुरशी बदल्यात नत्र आणि स्फुरद आणून देते. अन्न दारात येऊन पडलं तर झाड हा खर्च आखडतं आणि साखर खोडाकडे वळवतं. उत्तर स्वीडनमधल्या फ्लाकालिडेनच्या स्प्रूस जंगलात 1987पासून संतुलित खत दिलं गेलं. तिथे जमिनीवरची वाढ जवळजवळ तिप्पट झाली, आणि मृदाश्वसन सुमारे 40 टक्क्यांनी कमी.

मुळांकडे जाणारा हा ओघ किती मोठा असतो, त्याचा पुरावाही उत्तर स्वीडनचाच. तिथे पाइनच्या झाडांची साल कड्यासारखी सोलून काढली. त्यामुळे पानांतली साखर मुळांपर्यंत पोचायची थांबली, पण खोडातून पाणी वर जात राहिलं. पाच दिवसांत मृदाश्वसन जास्तीत जास्त 37 टक्क्यांनी आणि एक-दोन महिन्यांत जास्तीत जास्त 54 टक्क्यांनी घटलं. हा निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाला. त्याआधी मृदाश्वसन म्हणजे प्रामुख्याने कुजणं, असं समजणारे पुष्कळ होते. त्या जंगलात मातीच्या श्वासातला निम्मा भाग झाडाने काल-परवा बनवलेल्या साखरेचा होता.

तिसरं कारण आम्लता. अमोनियमचं नायट्रेट होताना हायड्रोजन आयन सुटतात आणि सामू (pH) उतरतो. नायट्रेट पावसाबरोबर निचरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन जातं. सामू पाचच्या खाली गेला की अॅल्युमिनियम विद्राव्य व्हायला लागतं आणि ते बारीक मुळांना विषासारखं बाधतं. शेतात तुम्ही चुनखडीच्या काळ्या जमिनीत युरिया टाकता. तिथली चुनखडी ही आम्लता रिचवते, म्हणून तुम्हाला हे दिसत नाही.

आता ‘माती मरते का’ याबद्दल. श्वसन घटलं म्हणजे माती मेली, असं समीकरण मांडता येत नाही. कुजणं मंदावलं की जमिनीत कर्ब साठायला लागतो आणि हार्वर्डच्या प्लॉटमध्ये तो साठलेला आढळलाय. पण ‘कर्ब वाढला, म्हणजे छान झालं’ हेही तितकंच घाईचं होईल. त्याच प्रयोगात जास्त नत्राच्या प्लॉटमधली पाइनची झाडं मोठ्या संख्येने मेली. श्वासाच्या एका आकड्यावरून मातीची तब्येत सांगता येत नाही. सोबत मुळं, बुरशी, सामू आणि निचरा होऊन जाणारं नायट्रेट यांचीही मोजणी हवी.

प्रश्न : आमच्याकडे जांभ्यावरची लाल माती आहे. इथल्या जंगलात नत्रापेक्षा स्फुरदाचा परिणाम जास्त दिसेल का?
— शिक्षिका, देवरुख

तशी शक्यता जास्त वाटते. जांभा म्हणजे पावसाने लाखो वर्षं धुतलेली माती. सिलिका आणि क्षार निघून गेलेत आणि लोह व अॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरलीत. स्फुरद त्यांना घट्ट चिकटतं. मातीच्या अहवालात एकूण स्फुरद बरं दिसलं तरी मुळांना मिळणारं स्फुरद थोडंच असतं. अशा जमिनीवरचं जंगल पानं गाळण्याआधी त्यांतलं स्फुरद काढून घेऊन आणि बुरशीकरवी थेंबाथेंबाने गोळा करून जगतं.

पण इथे एक चकवा आहे आणि त्यात भलेभले अडकतात. ज्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर स्फुरद चिकटतं, तिथेच सेंद्रिय पदार्थही चिकटलेले असतात. भरपूर स्फुरद ओतलं की ते या पदार्थांना ढकलून त्यांची जागा घेतं. सुटलेला कर्ब सूक्ष्मजीव लगेच खातात आणि श्वसन वाढतं. आपण मात्र लिहितो, ‘सूक्ष्मजीव स्फुरदासाठी उपाशी होते.’ ते खरंही असेल, पण या प्रयोगाने सिद्ध झालेलं नसतं. हे ओळखायचं तर मातीच्या पाण्यातला विद्राव्य सेंद्रिय कर्ब खत दिल्याच्या पहिल्या आठवड्यात मोजा. तो एकदम चढला आणि श्वसनाची वाढ काही दिवसांत ओसरली, तर हे ढकलाढकलीचं लक्षण. वाढ हंगामभर टिकली आणि मुळांची किंवा सूक्ष्मजीवांची भर दिसली, तर भूक खरी.

मात्राही बेताची ठेवा. पनामातल्या हिगान्ते द्वीपकल्पावर 1998पासून चालू असलेल्या प्रयोगात वर्षाला हेक्टरी 125 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश (पोटॅशियम) देतात, सुटं आणि सर्व जोड्यांमध्येही. नत्र आणि स्फुरद एकत्र दिल्यावर जे घडतं ते दोघांच्या सुट्या परिणामांची बेरीज असतंच असं नाही. म्हणून जोडीचा प्लॉट ठेवाच.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी 10 × 10 मीटरचे प्लॉट घेणार आहोत. खताचा हिशेब कसा करायचा? दुकानातला युरिया चालेल का?
— विद्यार्थिनी, चिपळूण

आधी वनखात्याची लेखी परवानगी. राखीव वनात किंवा अभयारण्यात तिच्याशिवाय एक मूठ खतही टाकू नका.

हेक्टरी 50 किलो नत्र म्हणजे चौरस मीटरला 5 ग्रॅम. 100 चौरस मीटरच्या प्लॉटला वर्षाला 500 ग्रॅम नत्र लागेल. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणून युरिया 1,087 ग्रॅम. सहा हप्ते केले तर दर हप्त्याला 181 ग्रॅम. हेक्टरी 150 किलोसाठी तो हप्ता 543 ग्रॅमचा होतो. प्रत्येक हप्ता 20 लिटर पाण्यात विरघळवून पाठीवरच्या फवारणी पंपाने सारखा मारा. पंप नवा घ्या. तणनाशकाला वापरलेला पंप कितीही धुतला तरी धोका राहतो. बिनखताच्या प्लॉटला तेवढंच, म्हणजे 20 लिटर, नुसतं पाणी द्यायचं. हे राहून गेलं तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील आणि उत्तर नसेल.

दुकानातल्या युरियाची अडचण निराळी. भारतात 2015पासून देशात बनणारा सगळा युरिया निंबोळी तेल लावून विकणं सक्तीचं आहे. निंबोळीमुळे अमोनियमचं नायट्रेट व्हायचा वेग मंदावतो. शेतकऱ्यासाठी ही सोय आहे, पण तुमच्या प्रयोगात नत्राबरोबर निंबोळीचाही परिणाम मोजला जाईल. म्हणून प्रयोगशाळेत वापरतात तो शुद्ध युरिया घ्या. एका प्लॉटला वर्षाला एक-तीन किलो लागतो, परवडेल. परदेशातल्या पुष्कळ प्रयोगांत अमोनियम नायट्रेट वापरलेलं दिसेल, पण स्फोटक म्हणून आपल्याकडे 2012च्या नियमांखाली त्याला परवाना लागतो. त्याऐवजी कॅल्शियम अमोनियम नायट्रेट घ्यायचा मोह होईल. तो आवरा. त्यात चुनखडी मिसळलेली असते आणि आम्ल मातीत चुनखडी विरघळताना स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते. तो मातीचा श्वास म्हणून तुमच्या वहीत चढेल.

हाच दोष थोड्या प्रमाणात युरियातही आहे. त्यात 20 टक्के कर्ब असतो आणि युरिया फुटताना तो कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो. 543 ग्रॅमच्या हप्त्यात चौरस मीटरला सुमारे 1.1 ग्रॅम कर्ब आला. तीन दिवसांत तो सुटला तर रोज साधारण 0.36 ग्रॅम. जंगलाच्या मातीचं रोजचं श्वसन 3 ग्रॅम कर्ब असेल, तर ही 12 टक्क्यांची खोटी वाढ. त्यामुळे युरियाचा हप्ता दिल्यावर निदान दहा दिवस श्वसनाची मोजणी करू नका.

स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट सगळ्यात सहज मिळतं, पण त्यात जिप्सम आणि गंधक असतं. गंधकाचा परिणाम स्फुरदाच्या नावावर जमा होईल. डीएपीत (डायअमोनियम फॉस्फेट) नत्र असतं. ट्रिपल सुपर फॉस्फेट त्यातल्या त्यात बरं. पिशवीवरचा आकडा स्फुरदाच्या ऑक्साइडचा असतो, त्याला 0.436ने गुणल्यावर निव्वळ स्फुरद मिळतं. 46 टक्क्यांच्या ट्रिपल सुपरमध्ये ते 20 टक्के. हेक्टरी 50 किलोच्या हिशेबाने प्लॉटला वर्षाला अडीच किलो लागेल.

हप्ते कधी द्यायचे? कोकणातला जुलै टाळा. मुसळधार पावसात नायट्रेट मुळांपाशी थांबतच नाही, ओढ्याला जाऊन मिळतं. कोरड्या, तापलेल्या पाल्यावर दिलं तर नत्र अमोनिया होऊन उडतं. जमीन ओली आहे आणि हलकी सर यायचा रंग आहे, असा दिवस साधा. उतारावर खताचा प्लॉट बिनखताच्या प्लॉटच्या वरच्या अंगाला येऊ देऊ नका. दोन प्लॉटमध्ये निदान 10 मीटर सोडा आणि मोजणी मधल्या 6 × 6 मीटरमध्येच करा, कारण कडेच्या झाडांची मुळं शेजारच्या हद्दीत शिरलेली असतात. प्रत्येक उपचाराचे चार प्लॉट तरी हवेत. आणि खत देण्याआधी एक पूर्ण हंगाम सगळ्या प्लॉटचं श्वसन मोजून ठेवा. जंगलात शेजारशेजारचे दोन प्लॉट खताशिवायही 20-30 टक्क्यांनी सहज वेगळे निघतात. ही आधीची मोजणी नसेल, तर खताने काय केलं हे कुणालाच सांगता येणार नाही.

प्रश्न : मातीवर उपड्या ठेवलेल्या डब्याखाली बशीत अल्कली ठेवतो आणि तिने किती कार्बन डायऑक्साइड शोषला ते 24 तासांनी टायट्रेशन करून मोजतो. खताचे आणि बिनखताचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. खताचा परिणामच नाही, की पद्धत चुकते?
— प्राध्यापक, अमरावती

बशीतल्या अल्कलीची शोषायची ताकद संपत असावी. तुम्ही पत्रात 20 सेंटिमीटर व्यासाचा डबा आणि 1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचं 20 मिलिलिटर द्रावण लिहिलंय. 1 नॉर्मल द्रावणाचा एक मिलिलिटर 6 मिलिग्रॅम कर्ब शोषतो, म्हणजे तुमच्या बशीची एकूण ताकद 120 मिलिग्रॅम. डब्याखालची जमीन 0.0314 चौरस मीटर. माती रोज चौरस मीटरला 3 ग्रॅम कर्ब सोडत असेल तर बशीत 94 मिलिग्रॅम यायला हवा. निम्मी ताकद संपली की शोषण मंदावतं आणि डब्यात वायू साचतो. साचलेला वायू मातीतून वर येणाऱ्याला थोपवतो. जास्त श्वास घेणारा प्लॉट त्यामुळे कमी दिसतो. मंद प्लॉटमध्ये उलट घडतं. अल्कली मातीतून वायू ओढून घेते आणि आकडा फुगतो. दोन्ही टोकं मधे सरकतात आणि सगळे प्लॉट सारखे दिसतात.

40 मिलिलिटर द्रावण घ्या आणि बशी 10 सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे ती झाकलेल्या जमिनीच्या पाव भागाएवढी होईल. तारेच्या तिवईवर ती पाल्यापासून दोन सेंटिमीटर वर ठेवा. डब्यावर पांढरं कापड किंवा थर्माकोल हवा, नाहीतर उन्हात आतली माती तापते आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की श्वसन साधारण दुप्पट होतं. बूड बंद केलेल्या तीन डब्यांत तशाच बशा त्याच जंगलात, तेवढाच वेळ ठेवा. हे तुमचे कोरे नमुने. टायट्रेशनआधी बेरियम क्लोराइड भरपूर घालून कार्बोनेट खाली बसवा, मग फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग जाईपर्यंत 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडा. समजा कोऱ्याला 39.2 आणि नमुन्याला 26.2 मिलिलिटर लागलं. फरक 13, गुणिले 6, म्हणजे 78 मिलिग्रॅम. 0.0314ने भागल्यावर रोज चौरस मीटरला सुमारे 2.5 ग्रॅम कर्ब. बेरियम क्लोराइड विषारी आहे, ते बेसिनमध्ये ओतू नका. आणि अल्कली हाताळताना चष्मा हवाच.

कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर मिळत असेल तर त्याचं गणित सोपं आहे. डब्याची आतली उंची, तो ज्यावर बसतो त्या जमिनीत रोवलेल्या कड्यासकट, 15 सेंटिमीटर आणि हवा 25 अंश असेल, तर दोन मिनिटांत 60 पीपीएमची (दशलक्षात 60 भागांची) वाढ म्हणजे चौरस मीटरला सेकंदाला सुमारे 3 मायक्रोमोल. एक मायक्रोमोल धरला की दिवसाला 1.04 ग्रॅम कर्ब होतो. चिखलदरा, महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवेचा दाब हिशेबात घ्यायला विसरू नका. महाबळेश्वरला सुमारे 1,350 मीटरवर तो समुद्रसपाटीपेक्षा साधारण 15 टक्क्यांनी कमी असतो आणि ती दुरुस्ती राहिली तर आकडा 17-18 टक्क्यांनी फुगतो.

कडं, म्हणजे पीव्हीसी पाइपचा 10 सेंटिमीटर उंचीचा तुकडा, जमिनीत तीन सेंटिमीटरच रोवा आणि मोजणीच्या दोन आठवडे आधी रोवा. खोल ठोकलं तर बारीक मुळं तुटतात, आणि आपल्याला मोजायचा असतो त्यातला मोठा भागच आपण कापून टाकतो. आतली रोपटी कापायची, पालापाचोळा मात्र तसाच राहू द्यायचा.

प्रश्न : मुळांचा श्वास आणि सूक्ष्मजीवांचा श्वास वेगळा कसा काढायचा? खोडाची साल सोलायला परवानगी मिळत नाही.
— संशोधक विद्यार्थी, पुणे

चर खणा. एक मीटर बाय एक मीटर तुकड्याच्या चारही बाजूंनी 60 ते 100 सेंटिमीटर खोल चर घ्यायची, मुळं तोडायची, कडेला जाड प्लास्टिक लावून चर पुन्हा त्याच मातीने भरायची. आतलं श्वसन सूक्ष्मजीवांचं, बाहेरचं एकूण आणि फरक मुळांचा व त्यांवर जगणाऱ्या बुरशीचा. पण तोडलेली मुळं आत कुजतात आणि पहिले काही महिने सूक्ष्मजीवांचा आकडा फुगलेला राहतो. पावसाळ्याआधी चर घेऊन दिवाळीनंतरचे आकडे वापरलेले बरे. आणखी एक गोष्ट : आत पाणी ओढणारी मुळं नसतात, म्हणून माती बाहेरच्यापेक्षा ओली राहते. दोन्हीकडचा ओलावा मोजला नाही तर ओलाव्यामुळे पडलेला फरक मुळांच्या खाती जातो. चर खताच्या आणि बिनखताच्या, दोन्ही प्लॉटमध्ये घ्या. नाहीतर खताने मुळांना आवरलं की कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना, हा मूळ प्रश्न तसाच राहील.

प्रश्न : जूनच्या पहिल्या पावसानंतर सगळेच आकडे चार-पाच पट उसळले. मे महिन्यात दिलेल्या खताचा हा परिणाम समजायचा का?
— विद्यार्थी, चंद्रपूर

बिनखताच्या प्लॉटमध्येही उसळले ना? मग तो पावसाचा परिणाम. कोरड्या मातीत मेलेले सूक्ष्मजीव आणि साठलेला विद्राव्य कर्ब ओल मिळताच खायला मोकळा होतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर हे दाखवलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. काही दिवसांत तो ओसरतो. त्या दिवसांतली मोजणी वेगळी नोंदवा. सागाच्या पानगळी जंगलात वर्षाची बेरीज करताना हे दिवस सुटले तर बेरीज कमी भरते, आणि महिन्यातून एकदाच मोजलं व नेमके हेच दिवस हाती लागले तर ती अवाच्या सवा वाढते. पहिल्या पावसानंतर आठवडाभर रोज मोजा.

प्रश्न : आमच्या गावच्या देवराईत झाडं वठली आहेत. गावकरी म्हणतात, दोन ट्रॉल्या शेणखत आणि थोडा युरिया टाकू. टाकावा का?
— ग्रामपंचायत सदस्य, सिंधुदुर्ग

टाकू नका, ही कळकळीची विनंती. देवराईतली मोठी झाडं जमिनीखालच्या बुरशीच्या आधाराने कमी अन्नात जगायला सरावलेली आहेत. युरियाने तो आधार ढिला पडतो. शेणखताबरोबर गवताचं आणि रानमोडीचं बी येतं आणि वाढलेल्या नत्रावर झाडांच्या रोपांआधी तेच माजतं.

वठण्याचं कारण आधी शोधा. गुरांच्या आणि माणसांच्या वर्दळीने माती दाबली गेली आहे का, हे बघायला ओल्या जमिनीत बोटाएवढी जाड लोखंडी सळई हाताने दाबून पाहा. देवराईच्या आतल्या, कुणी न जाणाऱ्या भागात ती वीतभर सहज जाते आणि पायवाटेवर दोन बोटांवर अडते, तर मुळांना हवाच मिळत नाही. मंदिराभोवती काँक्रीट झालंय का, पाला झाडून जाळला जातो का, आंबा-काजूच्या बागांचं खताचं पाणी उतारावरून आत येतं का, हेही तपासा. पाला जाळणं थांबवलंत आणि पायवाट एकच ठेवून बाकीचा भाग बांबूने अडवलात, तर दोन-तीन पावसाळ्यांत पाल्याचा थर पुन्हा धरेल. तो उचलून पाहा. पानं पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना शिवलेली दिसली, तर बुरशी परत आली असं समजा.